कळवळ्याचे कूळ

काही वर्षांपूर्वी उपवासकाळातील एका रविवारी परभणी जिल्ह्यातील आमच्या लहानशा धर्मग्रामात मी भल्या शोमरोन्याच्या दाखल्यावर प्रवचन केले. इंग्रजीतील ‘कम्पॅशन’ या शब्दाला शोभेल असा भारदस्त मराठी शब्द मी आदल्या रात्री शोधून ठेवला होता. तो शब्द म्हणजे ‘अनुकंपा’. सेमिनरीत गिरवलेल्या संस्कृताचे थोडे ऋण फेडावे, हाही हेतू मनात होता. वीस मिनिटांच्या प्रवचनात तो शब्द मी निदान दहा वेळा उच्चारला असेल. लोक शांतपणे ऐकत होते आणि प्रवचन उत्तम झाले, अशी माझी समजूत झाली.

मिस्सा संपल्यावर आमच्या धर्मग्रामातील एक विधवा भगिनी दाराशी थांबली. तिचा पती एका सरकारी कचेरीत शिपाई होता आणि नोकरीत असतानाच वारला होता. थोरल्या मुलाने वडिलांच्या जागी नोकरी मिळावी म्हणून केलेला अर्ज कित्येक वर्षे पडून होता. तिने अगदी सरळपणे विचारले, “फादर, तुम्ही आज जी अनुकंपा सांगितली, ती आमच्या पोराच्या अर्जातलीच का? मग देवाकडंबी यादीच लागती का हो?”

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. मी ज्या शब्दाने येशूच्या अंतःकरणाचे वर्णन करीत होतो, तो शब्द तिच्या आयुष्यात फाइलीचे नाव होता. ‘अनुकंपा तत्त्वावर नियुक्ती’, ‘अनुकंपाधारकांची प्रतीक्षासूची’ एवढाच त्याचा तिला परिचय होता. शोमरोन्याने जखमी माणसाला आपल्या जनावरावर बसवले, हे ऐकताना तिला क्रमांक आणि शिक्का दिसत असणार. त्या दिवशी मला उत्तर सुचले नाही. ‘कम्पॅशन’ म्हणजे मराठीत नेमके काय, हा प्रश्न मात्र मनात घर करून राहिला. त्या प्रश्नाचा जो माग मला लागला, तो सुजाण वाचकांपुढे ठेवीत आहे.

प्रथम मूळ इंग्रजी शब्दाकडे पाहू. ‘कम्पॅशन’ हा शब्द चर्चच्या लॅटिनमधून फ्रेंचमार्गे चौदाव्या शतकात इंग्रजीत आला. ‘कुम्’ म्हणजे सह आणि ‘पाती’ म्हणजे सोसणे. प्रभूच्या दुःखसहनाला आपण ‘पॅशन’ म्हणतो, तो शब्द याच धातूचा. याचाच अर्थ असा की, ज्याला कम्पॅशन वाटते तो दुसऱ्याच्या क्रुसाखाली खांदा देतो. त्याचे शेजारी शब्द मात्र वेगळ्या घरचे आहेत. ‘मर्सी’ हा शब्द ‘मेर्चेस’ म्हणजे मोल किंवा मजुरी या लॅटिन शब्दावरून आला. ‘पिटी’ हा ‘पिएतास’ म्हणजे भक्ती या थोर शब्दाचा वंशज आहे. पण आज इंग्रजीत कोणालाही आपली ‘पिटी’ केलेली रुचत नाही. शब्दांचे कूळ थोर असले तरी वापराने त्यांची अवस्था पालटते, ही गोष्ट येथेच ध्यानात घेतली पाहिजे.

आपल्याकडे तरी निराळे काय घडले? कोश उघडावा तर कम्पॅशनपुढे दया, करुणा, अनुकंपा, कणव, सहानुभूती अशी रांग उभी असते. यांतील ‘अनुकंपा’ व्युत्पत्तीने सर्वांत जवळची. अनु म्हणजे मागोमाग, आणि कंप म्हणजे थरथरणे. दुसरा थरथरला की आपणही थरथरावे, इतका तो सुंदर शब्द आहे. पण शासकीय परिभाषेने तो उचलला आणि त्यातील थरथर निघून गेली. ‘दया’ या शब्दाच्या मुळाशी वाटून देणे, आपला वाटा दुसऱ्याला देणे हा अर्थ आहे. आज फाशीची शिक्षा झालेला कैदी राष्ट्रपतींकडे ‘दयेचा अर्ज’ करतो. असाध्य आजाऱ्याच्या मरणाला ‘दयामरण’ म्हणतात. अशा वापरांत दया वरून खाली येते; देणारा उंचावर असतो आणि घेणारा हात जोडून उभा असतो. म्हणूनच ‘आमच्यावर दया दाखवू नका’ हे वाक्य मराठीत स्वाभिमानाचे वाक्य ठरले आहे. ‘कीव’ तर तुच्छतेच्या पंगतीला जाऊन बसली.

कचेरीने गिळलेला हा पहिलाच शब्द नव्हे. ‘मेहेरबान’ या फारसी शब्दात ‘मेहेर’ म्हणजे प्रेम आहे. आपल्या अर्जांच्या शिरोभागी ‘मे. तहसीलदार साहेब’ असे लिहिताना त्या ‘मे.’मध्ये प्रेमळपणा दडला आहे, हे लिहिणाऱ्याला ठाऊक नसते आणि वाचणाऱ्यालाही नसते. कोणत्याही भाषेत माया दर्शविणारा शब्द सत्तेच्या दारी चाकरीला लागला की त्याचा आत्मा हळूहळू निघून जातो, असे म्हणावेसे वाटते.

‘करुणा’ या शब्दाबद्दल थोडे थांबून बोलले पाहिजे. भरताच्या नाट्यशास्त्रात करुण हा रस आहे आणि त्याचा स्थायीभाव शोक आहे. म्हणून ‘करुण कहाणी’ म्हटले की डोळ्यांत पाणी येते आणि नाटक संपले की ते पुसलेही जाते. परंतु याच शब्दाला आपल्या मराठवाड्यात दुसरे तेजस्वी जीवन लाभले आहे. आपले बौद्ध बांधव प्रज्ञा, शील आणि करुणा ही त्रयी उच्चारतात, तेव्हा त्यातील करुणा वरून टाकलेली भीक नसते. ती समतेच्या पायावर उभी असते. मेलेला शब्द जगण्यातून पुन्हा उठू शकतो, याचे हे आपल्या डोळ्यांसमोरचे उदाहरण आहे.

आता वाचकांना मी थोडे दूर, अरबी भाषेत नेणार आहे. वास्तविक ते दूर नाहीच. आपला जिल्हा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. निजामाच्या कारभाराची भाषा उर्दू होती आणि आपल्या मागील पिढ्यांतील अनेकांनी आपली पहिली अक्षरे त्याच लिपीत गिरवली. त्या वाटेने, आणि त्याही आधीपासून फारसीच्या वाटेने, अरबी भावनावाचक शब्द मराठीच्या घरात येऊन रुळले. आपण ‘हैराण’ होतो, ‘राजी’ होतो, लेकीच्या लग्नाची ‘हौस’ करतो. अरबीत ‘गम’ म्हणजे दुःख. आपण घाईवर आलेल्या माणसाला ‘जरा गम खा’ असे सांगतो, म्हणजे दुःख गिळून थांबायला सांगतो! ज्यांचे जन्मस्थान म्हणून आपल्याच जिल्ह्यातील पाथरीचे नाव घेतले जाते, त्या साईबाबांची ‘सबुरी’ हीदेखील अरबी ‘सब्र’ची लेक आहे.

कम्पॅशनचे अरबी पर्याय तर परभणीच्या रस्त्यांवर रोज हिंडत असतात, कारण ते माणसांची नावे झाले आहेत. रहीम, रऊफ, शफीक, हन्नान अशा नावांनी आपण शेजाऱ्यांना हाक मारतो. या प्रत्येक नावात कळवळ्याची एक निराळी छटा आहे. दरवर्षी फेब्रुवारीत हजरत तुराबुल हक यांच्या दर्ग्याच्या उरुसाला सर्व धर्मांची माणसे लोटतात, तेव्हा त्या गर्दीत ही सारी नावे एकमेकांच्या खांद्याला खांदा लावून चालत असतात.

‘रऊफ’ हा ‘रअफत’ या शब्दावरून आला. दुसऱ्याला इजा होऊ नये, त्याचे दुःख टळावे, अशी कोमलता त्यात आहे. ‘शफीक’मध्ये ‘शफकत’ आहे. त्याच धातूत भीतीचाही अर्थ आहे. लेकरू विहिरीच्या काठाशी गेले की आईच्या काळजात जे धस्स होते, ते प्रेम आणि भय यांचे मिश्रण म्हणजे शफकत होय. ‘हन्नान’चे मूळ ‘हनीन’ या शब्दाशी जोडलेले आहे. वासरापासून दुरावलेली सांडणी जो व्याकूळ हंबरडा फोडते, त्याला अरब हनीन म्हणत. आपल्याकडील गाय-वासराची उपमा वाळवंटात उंटिणीच्या रूपाने भेटते, इतकेच. योहान या नावातही हाच सेमिटिक धातू आहे आणि त्या नावाचा अर्थ परमेश्वर कृपाळू आहे असा होतो. कुराणाच्या मरियम नावाच्या अध्यायात बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाचे, म्हणजे याह्याचे, वर्णन करताना याच धातूचा शब्द योजलेला आहे.

परंतु या सर्वांचा मुकुटमणी म्हणजे ‘रहमत’. कुराणाच्या ११४ अध्यायांपैकी ११३ अध्यायांचा आरंभ देवाच्या रहमान आणि रहीम या दोन नावांनी होतो. या नावांच्या धातूतच ‘रहिम’ हा शब्द आहे आणि त्याचा अर्थ गर्भाशय असा आहे. हा संबंध इस्लामी परंपरेला चांगला परिचित आहे. आपल्या बायबलच्या हिब्रू भाषेतही हाच धातू आहे. ‘रेहेम’ म्हणजे गर्भाशय आणि ‘राहमीम’ म्हणजे कळवळा. शलमोनाच्या न्यायदरबारात दोन स्त्रिया एका बालकासाठी भांडतात आणि राजा तलवार मागवतो. त्या क्षणी खऱ्या आईच्या मनात जे पेटते, त्याला पवित्र शास्त्र राहमीम म्हणते. लेकरू तिला द्या, पण मारू नका, असे ती म्हणते. हक्क सोडते आणि जीव वाचवते. यशया संदेष्टा तर परमेश्वराचे प्रेम सांगताना पोटच्या बाळाला न विसरणाऱ्या आईचीच उपमा घेतो.

पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९८० साली देवाच्या दयेवर परिपत्रक लिहिले. त्यातील एका दीर्घ तळटीपेत त्यांनी ‘हेसेद’ आणि ‘राहमीम’ या दोन हिब्रू शब्दांची फोड केली आहे. हेसेद म्हणजे दिल्या वचनाला जागणारी निष्ठा आणि राहमीम म्हणजे गर्भातून उमलणारी आईची माया. पुढे पोप फ्रान्सिस यांनी ८ डिसेंबर २०१५ ते २० नोव्हेंबर २०१६ हे दयेचे विशेष वर्ष पाळायला सांगितले. त्या वर्षाच्या घोषणापत्रात, इस्लाम धर्म निर्मात्याला दयाळू आणि कृपाळू अशा नावांनी आळवतो, याचे त्यांनी आदराने स्मरण केले. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनेही १९६५ साली ख्रिस्तेतर धर्मांविषयीच्या घोषणेत, दयाळू आणि सर्वसमर्थ अशा एकाच देवाची मुसलमान उपासना करतात, असे नमूद केले होते. आपण मिस्सेच्या आरंभी तीन वेळा प्रभूची दया मागतो. अरबी बोलणारा ख्रिस्ती माणूस त्याच जागी ‘या रब्ब, इर्हम’ असे म्हणतो. आपण ‘दया’ म्हणतो आणि तो गर्भाशयाच्या धातूने देवाला हाक मारतो.

मग शुभवर्तमानात येशूला जे वाटले ते काय होते? नव्या कराराच्या ग्रीक भाषेत ‘स्प्लांख्नोन’ म्हणजे आतडे, पोटातील अवयव. त्यावरून झालेले एक क्रियापद मत्तय, मार्क आणि लूक यांच्या शुभवर्तमानांत बारा वेळा येते. ते बहुतेक ठिकाणी येशूसाठीच योजलेले आहे आणि उरलेल्या ठिकाणी त्याच्या दाखल्यांतील तिघांसाठी: कर्ज माफ करणारा धनी, जखमी माणसाजवळ थांबलेला शोमरोनी, आणि उधळ्या पुत्राला दुरून पाहणारा बाप. नाईन गावच्या वेशीत एका विधवेच्या एकुलत्या एका पुत्राची प्रेतयात्रा येशूला सामोरी आली, तेथेही हेच क्रियापद आहे. इंग्रजी भाषांतरकारांनी १६११ च्या प्रतीत कलस्सैकरांस पत्रात आतड्यांचा शब्द तसाच ठेवला होता. पुढच्या काळाला तो ओशाळवाणा वाटला आणि त्यांनी आतड्यांच्या जागी हृदय बसवले. बैरुत येथे १८६५ साली पूर्ण झालेल्या अरबी बायबलच्या भाषांतरकारांना मात्र असा संकोच पडला नाही. येशूच्या, शोमरोन्याच्या आणि त्या बापाच्या ठिकाणी त्यांनी ‘तहन्नन’ हे क्रियापद वापरले. त्याचा धातू तोच, हंबरणाऱ्या उंटिणीचा.

इतका फेरफटका करून मी मराठीकडे परतलो आणि मला माझेच हसू आले. कारण जे मी ग्रीक, हिब्रू आणि अरबीत शोधत होतो ते माझ्या आईच्या तोंडी होते. आपल्या भाषेत दुसऱ्याच्या दुःखाने आतडे तुटते, आतडे पिळवटते, पोटात कालवाकालव होते. मुलाला आपण पोटचा गोळा म्हणतो. पोट हा शब्द अन्नाच्या जागेसाठी आणि गर्भाच्या जागेसाठी मराठी एकच वापरते. म्हणजे ग्रीकांचे आतडे आणि सेमिटिकांचे गर्भाशय या दोन्ही जागा आपल्या एका शब्दात नांदत आहेत. मराठी बायबलच्या प्रचलित भाषांतरकारांनी हे ओळखले होते. त्यांनी यांतील बहुतेक प्रसंगी ना दया योजली, ना अनुकंपा. त्यांनी लिहिले, ‘कळवळा’.

हा शब्द नीट ऐकावा. त्यात ‘कळ’ ऐकू येते. पोटात येते ती कळ, आणि बाळंतिणीला येतात त्या कळा. मराठी माणसाच्या कानाला कळा आणि कळवळा एकाच घरचे वाटतात. दुसऱ्याच्या दुःखाने आपल्याला कळा याव्यात आणि त्यातून काहीतरी जन्माला यावे, एवढा अर्थ हा साधा, घरगुती शब्द पोटात वागवतो. तुकारामबोवांनी आईच्या नि:स्वार्थी प्रेमाचे आणि संतांच्या वृत्तीचे नाते सांगताना हाच शब्द निवडला. आपल्या जिल्ह्यातील गंगाखेडची जनाबाई दासी होती, जात्यावर दळत होती. तिला देव सिंहासनावर नव्हे, तर अंगाखांद्यावर लेकरे घेतलेल्या रूपात दिसला. रहमान हे नाव तिने उच्चारले नसेल, पण त्या नावाचे मूळ तिने गोदाकाठी अचूक ओळखले होते.

येथे कोणी आक्षेप घेईल की, फादर, पोटात कालवण्याने कोणाचे पोट भरते काय? कळवळा येऊन जातो, अर्ज तेथेच राहतो. हा आक्षेप रास्त आहे. मराठीने त्याचीही सोय केलेली आहे. तिने ‘हळहळ’ आणि ‘कळवळा’ हे दोन शब्द वेगळे ठेवले. हळहळणारा माणूस बसल्या जागी हळहळतो. त्या वाटेने याजक गेला, लेवी गेला. त्यांना हळहळ वाटली नसेल असे मला वाटत नाही. मी स्वतः याजक आहे, म्हणून हे जाणून आहे. शोमरोन्याला कळवळा आला आणि तो जनावरावरून उतरला. त्याने तेल आणि द्राक्षारस ओतून जखमा बांधल्या, उतारशाळेत नेले, दोन दिनार मोजले.

दाखल्याच्या अखेरीस येशू शास्त्र्याला विचारतो, शेजारी कोण ठरला? शास्त्री उत्तर देतो, दया करणारा. ग्रीकमध्ये येथे शब्द बदलला आहे. आधी आतड्यांचे क्रियापद होते, आता ‘एलेओस’ म्हणजे दया आली. अरबी भाषांतरातही आधी तहन्नन आणि अखेरीस रहमत असा क्रम आहे. मराठीतही आधी कळवळा आणि मग दया. मला वाटते, माझ्या सर्व शोधाचे सार या क्रमात आहे. दया हा शब्द टाकाऊ नाही. कळवळ्याच्या पोटी जन्मलेली दया म्हणजे आपला वाटा दुसऱ्याला देणे होय, आणि तोच तिचा मूळ अर्थ. कळवळ्यावाचून आलेली दया मात्र भीक होते, शिक्का होते, प्रतीक्षासूची होते. आपल्या प्रवचनांत, प्रार्थनांत आणि धर्मशिक्षणाच्या पुस्तकांत आपण भारदस्तपणाच्या मोहाने कळवळ्याला खेडवळ समजून मागे सारतो. त्यात भाषेची हानी आहेच, पण अधिक हानी श्रद्धेची आहे. मुलांना आपण देवाला अर्ज लिहायला शिकवतो आणि त्याच्या पोटाशी जायला शिकवायचे राहून जाते.

त्या विधवा भगिनीच्या शेजारी एक वृद्ध मुसलमान आजी राहतात. मी एकदा घरभेटीला गेलो तेव्हा त्या पदराखाली झाकून वाटीभर सालन घेऊन आल्या होत्या. मुलाच्या नोकरीचा विषय निघाला, तशा म्हणाल्या, “उस पोट्टे का मुँह देखी तो मेरे पेट में कालवाकालव होती, फादर.” वाक्य दखनी, त्यातला जीव मराठी, आणि भावना थेट रहमान या नावाच्या धातूतली. मी ग्रंथ धुंडाळून जे गोळा केले होते, ते सारे त्या वाटीत होते.

पुढच्या उपवासकाळात मी त्याच दाखल्यावर पुन्हा प्रवचन केले आणि एकच शब्द वापरला, कळवळा. ती भगिनी तिसऱ्या बाकावर होती. तिने या वेळी काही विचारले नाही, आणि मीही प्रवचन चांगले झाले अशी समजूत करून घेतली नाही. कारण मुलाचा क्रमांक यादीत जिथे होता तिथेच होता. आता कचेरीत तारीख असली की मी सकाळच्या मिस्सेनंतर मायलेकरांबरोबर जातो आणि बाहेरच्या बाकावर बसतो. आम्ही फारसे बोलत नाही. दुपारी ती भाकरी सोडते आणि तिचे तीन वाटे करते.